अविधवा नवमीच्या पानावर मिश्री ठेवावी का?

निपाणीचा वाहक

नमस्कार मंडळी. मी निपाणीजवळच्या एका खेड्यातला. कर्नाटकाच्या बसवर कंडक्टर आहे, 21 वर्षं झाली. येत्या अविधवा नवमीला माझ्या बायकोचा पहिला म्हाळ आहे. प्रश्न एवढासा आहे, पण त्यावरून आमच्या घरात महिनाभर दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून इथं विचारतो. तिच्या पानावर मिश्री ठेवावी का?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, हातानं चुरायचा, डबीत भरायचा आणि बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासायचा. पुण्याकडं, कोकणात मशेरी म्हणतात. आमच्याकडं शेतात तंबाखू, गावात वखारी, घरोघरी बिड्या वळणाऱ्या बायका. मिश्रीला कुणी व्यसन म्हणतच नाही. बाई सकाळी उठली की चुलीपुढं बसून मिश्री लावणार, मग चहा. राखुंडीनं दात घासावेत तसंच ते.

आमची ही त्यानंच गेली. डावीकडच्या खालच्या हिरडीचा कॅन्सर. गेल्या श्रावणात गेली, वय 43.

यंदा श्रावणात वर्षश्राद्ध झालं. पान वाढून झाल्यावर माझ्या थोरल्या बहिणीनं हिची डबी आणून पानाशेजारी ठेवली. आपल्यात रीत आहे, गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते ठेवायचं. कुणाला चहा, कुणाला बिडी. माझी पोरगी उठली, डबी उचलली आणि परड्यात भिरकावली. म्हणाली, "आईला जिनं खाल्लं ती तिच्या पानावर?" माझी आई म्हणाली, "अगं, तिला आवडायची न्हवं? जीव अडकून ऱ्हाईल तिचा." त्या दिवसापासून आजी-नातीचं बोलणं बंद. पोरगी बेळगावात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शनिवारी येते, रविवारी जाते, आजीच्या हातचा चहा घेत नाही.

डबी मीच रात्री बॅटरी घेऊन शोधून आणली. ॲल्युमिनियमची आहे, मुठीत मावते. झाकणावर हिनं खिळ्यानं टोचून टोचून तुळशीवृंदावन काढलं होतं. कडेला झाकण घासून घासून इतकं पातळ झालंय की दाबलं तर चेमटतं. पडल्यामुळं आता एका बाजूनं नीट बसत नाही.

ही सगळी गोष्ट कुणाला तरी सलग सांगायची राहिलीय, म्हणून थोडं लांबवतो.

हिचं माहेर हुक्केरी तालुक्यात. लग्न होऊन आली तेव्हा मिश्रीला हात लावत नव्हती. पोरगी पोटात असताना दाढ ठणकायला लागली. आईनं चिमूटभर मिश्री दिली, दाबून धर म्हणाली. दाढ थांबली. आईच्या मनात वाईट काही नव्हतं, तिच्या सासूनं तिला तसंच दिलं होतं. पुढं ही हंगामात वखारीत तंबाखू निवडायला जायची, तिथं तर प्रत्येकीच्या कनवटीला डबी. हिचं मग दिवसातून चार-पाच वेळा झालं. लावली नाही तर पोट साफ होत नाही, डोकं धरतं म्हणायची.

हिरडीवर पांढरं आलं, मग तिथं जखम झाली. तिखट झोंबायला लागलं. खर्डा-भाकरी हा हिचा जीव की प्राण, आणि बाई दूध-भाकरी कुस्करून खायला लागली, तरी मला कळलं नाही. एका डॉक्टरनं तीन महिने मलम आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं दाढ काढली. दाढेचं भोक भरून येईना. मग मिरजेला नेलं, तुकडा काढून तपासला. तोवर जबड्याच्या हाडात शिरलं होतं.

ऑपरेशन नऊ तास चाललं. डाव्या बाजूचा खालचा जबडा, गालाचा आतला भाग, मानेतल्या गाठी सगळं काढलं. छातीचं मांस वळवून तोंडात लावलं. पुढं सहा आठवड्यांत 30 वेळा लाईट, म्हणजे रेडिएशन, आणि आठवड्याला एक केमो. हॉस्पिटल महाराष्ट्रात, आमचं कार्ड कर्नाटकाचं, त्यामुळं खर्च पदरचा. दोन म्हशी गेल्या, पतसंस्थेचं कर्ज अजून फिटायचंय. त्याचं काही नाही.

श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं होतं, त्यामुळं पहिले काही दिवस बोलता येत नव्हतं. पोराची पहिलीतली पाटी मी घरून नेली. हिची शाळा कन्नड, चौथीपर्यंत. घरात मराठी, शाळेत कन्नड. त्यामुळं ती पाटीवर मराठीच लिहायची, पण अक्षरं कन्नड! मिरजेच्या सिस्टरना काही कळेना. त्या पाटी घेऊन माझ्याकडं यायच्या आणि मी बसच्या पाट्या वाचल्यासारखं मोठ्यानं वाचून दाखवायचो. "पाठ खाजवते." "लाईट बंद करा." "शेरडाला पाणी दिलं का." अख्ख्या वॉर्डात तिचं लिहिलेलं वाचू शकणारा मी एकटाच होतो. लग्नाला वीस वर्षं होत आली होती, पण तिनं मला लिहिलेलं असं मी तेव्हाच पहिल्यांदा वाचलं.

घरी आल्यावर नाकातली नळी बरेच महिने होती. दर दोन तासांनी नाचणीची आंबील, डाळीचं पाणी, दूध, सगळं मिक्सरला लावून फडक्यातून दोनदा गाळून सिरिंजनं सोडायचं. एक कण राहिला की नळी तुंबायची. पोरगी तेव्हा बारावीला होती, पहाटे चारचं ती करायची, कारण माझी पहिली गाडी. आणि ही काय करायची? चुलीपुढं बसून आम्हाला स्वयंपाक करायची. स्वतःच्या तोंडात थेंब जात नाही, पण आमटीला उकळी आली की वासावरून खूण करायची, मीठ कमी. पोरीला चाखायला लावायची. एकदाही चुकली नाही.

आठ महिन्यांनी मानेत परत गाठ आली. यावेळी डॉक्टर म्हणाले, आता दुखणं कमी ठेवू. मॉर्फिनच्या गोळ्या वेळेवर दिल्या की तिला झोप लागायची. मानेची जखम फुटल्यावर एक वेगळी गोळी कुटून तिची पूड जखमेवर भुरभुरायला सांगितली होती, त्यानं वास खरंच कमी व्हायचा. वासाची तिला फार लाज वाटायची. कुणी आलं की उदबत्ती लावा म्हणायची.

तर असं आहे. आई 76 वर्षांची, आजही सकाळी मिश्री भाजते. तो वास आला की मला ही चुलीपुढं बसलीय असं वाटतं आणि त्याच वासानं मळमळतंसुद्धा. नवमीला बारा दिवस आहेत. आईचं ऐकू की पोरीचं?

खानापूरची लेक

दादा, वाचताना हात थांबले. तुमच्या घरात कुणाचंच चुकलेलं नाही, आधी हे सांगते.

माझे बाबा गेले तेव्हा दहाव्याला आम्ही बिडीचं बंडल आणि काडेपेटी ठेवली होती. बिडीनंच फुफ्फुसं गेली होती त्यांची. आईनं ठेवली, आम्ही कुणी बोललो नाही. मला त्यात बिडी दिसली नाही, बाबा संध्याकाळी ओट्यावर बसायचे ते दिसलं. म्हणून मी म्हणेन, ठेवा. एका दिवसानं काय होतंय?

पण एक विचारू का? राग मानू नका. वहिनींनी आजारपणात कधी स्वतः मिश्री मागितली होती का? त्यावर बरंच ठरेल असं मला वाटतं.

गुरुजी, संकेश्वर

मी शाळेतून निवृत्त झालो, भटजी नव्हे, पण चार घरचे म्हाळ पाहिलेत. भाद्रपद वद्य नवमीला नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा म्हाळ घालतात, त्या दिवशी सवाष्ण जेवायला बोलावतात, तिची ओटी भरतात. पानावर आवडीची वस्तू ठेवणं हा घरोघरचा लोकाचार, कुठं ठेवतात, कुठं नाही. मिश्री नाही ठेवली म्हणून म्हाळ अपुरा राहतो असं कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. तुमच्या आईंना हे माझ्या नावानं सांगा, म्हातारी माणसं म्हाताऱ्या माणसाचं ऐकतात.

खानापूरच्या ताईंशी मी सहमत नाही. एका दिवसानं काय होतंय म्हणता, पण त्या दिवशी घरात लहान मुलं असतात. काकूच्या पानावर मानानं ठेवलेली वस्तू त्यांना कशी दिसेल? सिगारेटच्या, गुटख्याच्या पाकिटावर 2009 पासून चित्र छापतात. 2016 पासून तर पाकिटाचा 85 टक्के भाग त्यानं भरलेला असतो. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीवर कोण चित्र छापणार? तिथं सांगणारं माणूसच पाहिजे, आणि तुमच्या घरात ते माणूस तुमची मुलगी आहे.

आमच्या वडिलांच्या पिढीनं 1981 साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीला हायवेवर ठाण मांडलं होतं, शरद जोशींच्या मागं. ते पोटासाठी होतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याच पानाचा चुरा आपल्या बायकांच्या तोंडात गेला त्याचा हिशेब आपण कुठंच मांडला नाही.

उपचाराच्या खर्चाबद्दल वाचून वाईट वाटलं. महाराष्ट्रानं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले योजना लागू करायचं जाहीर केलं. दुसऱ्या कुणावर अशी वेळ आली तर आधी आपलं गाव त्या यादीत आहे का, हॉस्पिटल ते मानतं का, हे विचारून मगच म्हशी विकायला काढा.

निपाणीचा वाहक

खानापूरच्या ताई, राग नाही. तुम्ही बरोबर तिथंच बोट ठेवलंत.

मागितली होती. दोनदा.

पहिल्यांदा ऑपरेशननंतर बाराव्या-तेराव्या दिवशी. पाटीवर लिहिलं, "डबी." मला वाटलं पैशाची डबी. तिनं तर्जनी दातावर घासल्यासारखी केली. मी वॉर्डातच ओरडलो तिच्यावर. काय बोललो ते इथं लिहीत नाही. तिनं पदरानं पाटी पुसली आणि भिंतीकडं तोंड केलं. संध्याकाळपर्यंत काही लिहिलं नाही. मी कशाच्या तोंडानं ओरडलो हा प्रश्न आहे, कारण दर बाजाराला तंबाखूचा पुडा माझ्याच पिशवीतून घरी यायचा. तिकिटाच्या मशीनशेजारी ठेवून आणायचो. चांगला, खमंग वासाचा बघून घ्यायचो, तिला आवडावा म्हणून.

दुसऱ्यांदा शेवटच्या महिन्यात. तेव्हा गळ्याचं भोक बुजलं होतं, पण शब्द फुटत नव्हते, मलाच थोडे कळायचे. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघंच. म्हणाली, डबी आणा. यावेळी मी आणली. तोंडात घालायचा प्रश्नच नव्हता, तोंड बोटभरसुद्धा उघडत नव्हतं. मी झाकण काढून नाकाजवळ धरली. डोळे मिटून तिनं वास घेतला, तीन-चार वेळा. मग हातानं सरली म्हणून खूण केली आणि झाकण तिनं स्वतः लावलं. त्या दिवशी तिला गोळीशिवाय झोप लागली.

हे पोरीला माहीत नाही. कुणालाच नाही. मी बरं केलं की वाईट, मला अजून कळत नाही.

आशा कार्यकर्ती, चिकोडी तालुका

वाहक दादा, शेवटच्या महिन्यात तुम्ही वास दिलात त्यानं त्यांचं काहीही बिघडलं नाही. ते मनातून काढून टाका. माझ्या गावात मी असे पेशंट बघते. शेवटी माणसाला काय पाहिजे ते द्यावं.

पण मी दुसऱ्याच माणसासाठी लिहितेय. तुमच्या आई. 76 वर्षं, साठ वर्षं तरी मिश्री लावली असेल. त्यांचं तोंड कुणी बघितलंय का? आम्हाला सगळ्या बायका हेच सांगतात, "म्हातारीला काय झालं न्हाई, मला काय हुतंय." होत नाही असं नसतं, बघितलेलं नसतं.

घरी असं बघा. उजेडात बसवा, मोबाईलची बॅटरी धरा. खोटे दात असतील तर काढायला सांगा. ओठ बाहेर वळवून बघा, दोन्ही गालांच्या आत, हिरडीच्या कडेला, जीभ बाहेर काढून दोन्ही बाजू, जीभ वर करून खाली, टाळू. त्या मिश्री जिथं जास्त घासतात ती जागा नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, बोटाला लागणारी गाठ, हलणारा दात, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर दाखवायला न्या. प्रत्येक पांढरा चट्टा कॅन्सरचा नसतो, पुष्कळसे नसतातच, पण ते डॉक्टरनं सांगायचं. तीसच्या वरच्या सगळ्यांचं तोंड तपासायचा सरकारी कार्यक्रम आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होतं.

आणि सोडायचं म्हणाल तर ओरडून सुटत नाही. पहिले काही दिवस डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते, म्हणून त्या परत डबीकडं वळतात. खरंच त्रास होतो, नाटक नसतं. पाणी, पालेभाजी वाढवायची, तोंडात लवंग किंवा बडीशेप ठेवायची, डॉक्टरकडून निकोटिनच्या च्युइंगमबद्दल विचारायचं. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारी फोन आहे, 1800-11-2356, पैसे पडत नाहीत. आजींना फोनवर बोलायला लाज वाटेल, नात बसून लावून देऊ शकते. तीच नर्स होणार आहे, तिलाच तोंड बघू द्या.

शहापूरची

काका, मी तुमच्या मुलीच्याच वयाची असेन. माझी आई गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेली, चार वर्षं झाली. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर बाबांनी मला शेवटचे पंधरा दिवस हॉस्टेलवरून बोलावलं नाही याचा. परीक्षा होती म्हणे. तेव्हा आई काय बोलली, काय मागितलं, ते मला अजून तुकड्या-तुकड्यांनी कळतं, कधी मावशीकडून, कधी शेजारणीकडून.

वासाचं तिला सांगा. ती चिडेल, रडेल, पण सांगा. पहाटे चारला उठून नळीतून आंबील सोडणारी मुलगी आहे ती. तिला झेपेल. पानावर काय ठेवायचं ते मग तिलाच विचारा.

खानापूरची लेक

मी माझा शब्द मागं घेते. शहापूरच्या बाईचं बरोबर आहे. आधी सांगा, मग ठरवा.

निपाणीचा वाहक

मंडळी, काल नवमी झाली. तुम्ही सगळ्यांनी मनापासून लिहिलंत म्हणून काय झालं ते सांगतो.

गेल्या शनिवारी पोरीला स्टँडवरून आणायला मीच गेलो. तवंदी घाटात गाडी बाजूला लावली आणि सगळं सांगितलं. ओरडलो ते, पुडा मी आणायचो ते, वास दिला ते. ती बराच वेळ गप्प होती. मग एकच विचारलं, "झाकण आईनं स्वतः लावलं?" मी हो म्हटलं. घरी येईपर्यंत पुढं काही बोलली नाही.

घरी आल्यावर मात्र आजीपुढं जाऊन बसली. म्हणाली, "डबी पानावर ठेवायची न्हाई. पर फेकणार बी न्हाई." आईनं मला विचारलं, गुरुजी खरंच तसं म्हणाले का. मी मोबाईल काढून त्यांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. आईनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "मीच दिल्ती तिला पयल्यांदा. दाढंवर." हे ती आजवर कधी बोलली नव्हती. आम्हाला वाटायचं, ती विसरली.

स्वयंपाक पोरीनं केला, आजी शेजारी बसून सांगत होती. खीर, वडे, आमटी, वांगं, अळूची वडी केली. आणि पानाच्या मध्ये जोंधळ्याची भाकरी, तिच्यावर हिरव्या मिरचीचा खर्डा, वरून शेंगदाण्याचं तेल. दीड वर्ष जे तिला तोंडात घालता आलं नाही तेच. खर्डा ठेचताना घरभर ठसका उठला, पोरगा खोकत बाहेर पळाला, आणि आम्ही कुणीच काही बोललो नाही, कारण ही असताना रोज असंच व्हायचं. सवाष्ण म्हणून हिच्या वखारीतली मैत्रीण जेवायला होती. दिवसभर पाऊस, कावळा काही आला नाही. पान गायीला घातलं.

डबी धुतली. पाच-सहा पाण्यांतून काढली तरी वास जात नाही. पोरीनं त्यात पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे ठेवलेत, आणि डबी पाटीशेजारी, फडताळात.

संध्याकाळी दिवा लावल्यावर आईनंच नातीला हाक मारली. म्हणाली, "त्या चिकोडीच्या बाईनं सांगितलंय न्हवं, बघ तर." भिंतीला टेकून बसली, कवळी काढून वाटीत ठेवली आणि तोंड उघडलं. मी बॅटरी धरली होती. पोरीनं ओठ वळवला, गाल ओढला, बोटाला फडकं गुंडाळून जीभ धरून दोन्ही कडा बघितल्या. उजवी बाजू बरी आहे. डावीकडं गालाच्या आत पांढरा पट्टा आहे, अर्ध्या बोटाएवढा. पोरीनं बोट फिरवून बघितलं, कडक लागत नाही म्हणाली, दुखत नाही असं आईही म्हणते.

सोमवारी माझी सुट्टी टाकलीय. निपाणीला दाखवायला नेतोय, पोरगी पण थांबतेय.